कधीपासून दुखतंय?

कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्ये ‘आल्याची वेळ’ असा रकाना असतो. ‘झाल्याची वेळ’ असा नसतो. साप कधी चावला, छातीत कधी भरून आलं, हात कडबाकुट्टीत कधी गेला, हे केसपेपरवर कुठेतरी खरडलेलं असतं. महिनाअखेरीला तक्ता वर जातो तेव्हा त्यात फक्त रुग्ण दारात आल्याची वेळ जाते. तो तक्ता बघून कुणी म्हणेल की आमच्याकडे सगळ्यात जास्त इमर्जन्सी सकाळी नऊ ते अकरा या वेळात होतात. होत नाहीत. त्या वेळात येतात.

आमचं रुग्णालय भीमेच्या खोऱ्यातलं, तीस खाटांचं. सुमारे १ लाख २० हजार लोकांमागे असं एक असावं, असा सरकारी निकष. सकाळी नऊची गर्दी समजून घ्यायची तर आधी एसटीचं वेळापत्रक बघायला हवं. मुक्कामी गाडी गावातून सहाला निघते, मधली गावं घेत तालुक्याला येते, तिथून वडापच्या जीपने माणूस आमच्यापर्यंत. त्याआधी धार काढून दूध डेअरीला घालायचं असतं. हृदयविकाराचा झटका दिवसाच्या इतर वेळांपेक्षा सकाळी जास्त येतो, हे अमेरिकी डॉक्टरांनी १९८५मध्ये आकडेवारीने दाखवलं. आमच्याकडचा सकाळचा हृदयरोगी पाहून मला ते संशोधन नेहमी आठवतं, पण वेगळ्या कारणाने. आमचा माणूस पहाटे तीनला घामाघूम झालेला असतो. पित्त झालं म्हणून सोडा-लिंबू घेतो, पाठीला तेल चोळून घेतो आणि उजाडायची वाट बघतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या तीन तासांत जेवढं काम करतं, तेवढं पुढे करत नाही. ते तीन तास गोठ्यात आणि स्टँडवर गेलेले असतात.

बायकांचा आकडा आणखी दोन तासांनी चढतो. स्वयंपाक, धुणं, पोरं शाळेत, आणि सोबतीला सासू नाहीतर जाऊ मोकळी झाली की मग. १०८ची रुग्णवाहिका २०१४पासून आहे, तीही फुकट, आणि तिने फरक नक्की पडला. पण फोन करण्याआधी ‘एवढं काही नाही’ म्हणण्यात जो वेळ जातो, तो कुठलीच गाडी भरून काढत नाही.

पावसाळा लागला की रजिस्टरचा रंग बदलतो. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशाने गेली आणि त्यातले जवळपास निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. पेरणी, खुरपणी, गवत, बिळांत शिरलेलं पाणी, बेडूक-उंदीर. कारणं शेतकऱ्याला सांगायला नकोत. आमच्याकडे आणखी एक कारण आहे, ते पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीत माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला जातो. एका हातात खोरं, पायात काही नाही, आणि पाणी मोकाट सुटलेलं. नर्सिंग स्टेशनवरच्या आमच्या सिस्टर विजेची पाळी बदलली की घोणशीचे पेशंट कधी येणार ते सांगतात, आणि बहुतेकदा तसंच होतं. दिवसा वीज देण्याच्या योजनेवर मी कृषी खात्यापेक्षा आरोग्य खात्याने दावा सांगावा या मताचा आहे.

घोणस किंवा फुरसं चावलं की रक्त गोठेनासं होतं. ते ओळखायला आमच्याकडे मोठी यंत्रं लागत नाहीत. काचेच्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, नळी स्टँडला उभी करायची आणि वीस मिनिटं तिला हात लावायचा नाही. मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर लस सुरू, पहिल्यांदा दहा व्हायल. नळी काचेचीच हवी, आणि कोरी. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही वेळेत गोठत नाही आणि साबणाने धुतलेली नळी फसवते. त्या वीस मिनिटांत नातेवाईक दहा वेळा विचारतात, ‘इंजेक्शन का देत नाही?’ त्यांना नळी दाखवावी. समोर घड्याळ ठेवावं. माणसं शांत होतात, हा माझा अनुभव आहे.

मण्यार मात्र वेगळी. ती रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि पुष्कळदा दाताची खूणही दिसत नाही. पहाटे एका मुलाला दुधाच्या टेम्पोतून आणलं होतं, वय अठराच्या आसपास. वडील म्हणाले, ‘‘साहेब, दोन वाजल्यापासून पोटात मुरडा मारतोय म्हणतंय. काल जत्रेत काय काय खाल्लंय.’’ मी पोट तपासत होतो. सिस्टरनी विचारलं, ‘‘दादा, पोरगं झोपलं होतं कुठं?’’

‘‘खालीच की. वाकळंवर.’’

‘‘बाळा, माझ्याकडं बघ. डोळं मोठं कर.’’

पापण्या अर्ध्यावरच थांबल्या. जीभ बाहेर काढ म्हटल्यावर ओठांच्या पुढे आली नाही. पुढचं सगळं झपाट्याने झालं: लस, घशात नळी, आणि जिल्ह्यापर्यंतच्या रस्त्यात हाताने फुगा दाबत श्वास देणं. एकदा स्नायू लुळे पडले की मण्यारीच्या विषावर लस फारशी चालत नाही, कारण इजा नसांच्या टोकांना होऊन गेलेली असते. पण ती भरून येते. तोवर श्वास दुसऱ्याने द्यायचा असतो, दिवस दिवस. मुलगा वाचला. दोनला आला असता तर फुगा दाबत न्यायची वेळ कदाचित आली नसती. रजिस्टरमध्ये मात्र त्याची वेळ पहाटे साडेसहा आहे आणि पहिलं निदान ‘पोटदुखी’.

दंश झाल्यापासून किती वेळ गेला, यावर उपचार कसा उभा राहतो ते आपल्याच राज्यातल्या एका डॉक्टरने जगाला दाखवलं आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने दवाखान्यात आलेल्यांतले शंभरातले चाळीसच्या आसपास दगावत. बावस्कर रुग्णाजवळ बसून राहिले आणि क्रम टिपत गेले: आधी उलटी, दरदरून घाम, लाळ, थंडगार हातपाय, मग फुप्फुसात पाणी. १९८२मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी ही आधीची लक्षणं मांडली. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिनची साधी गोळी वेळेत द्यायला लागल्यावर मृत्यू शंभरात एकापर्यंत खाली आले. त्यांना २०२२मध्ये पद्मश्री मिळाली. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की गोळी सापडण्याआधी त्यांनी वेळ लिहायला सुरुवात केली होती.

दिवाळीनंतर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि कॅज्युअल्टी संध्याकाळकडे सरकते. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. सात ते दहा या वेळात दुचाकीवाला मागून जाऊन धडकतो. डोक्याला, जबड्याला मार, हेल्मेट क्वचित. हे अपघात कुठे होतात तेही ठरलेलं आहे: चढाला, जिथे ट्रॅक्टर रांगतो. पण ऊसतोड कामगार स्वतः आजारी पडतो तो या गर्दीत दिसत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाने काम बुडवलं तर खाडा पडतो, मुकादम उचलीतून पैसे कापतो. म्हणून कोपीवरची बाई येते ती फड संपल्यावर किंवा गाडी भरल्यावर. अंगावरून जातंय किती दिवस झाले, विचारलं तर ती आधी मुकादमाकडे बघते. रात्री अकराला आलेल्या त्या बाईची ‘आल्याची वेळ’ लिहिताना लाज वाटते.

याच्या बरोबर उलटं चित्र उपवासाच्या दिवशी. महाशिवरात्र, नवरात्र, एकादशी. भगरीचं सुटं पीठ दमट जागी राहिलं की त्याला बुरशी धरते, आणि संध्याकाळी उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं अशी माणसं येऊ लागतात. एकटंदुकटं कुणी नाही, अख्खी वस्ती. आणि ती तासाभरात पोचते! टेम्पो मिळतो, सरपंच पुढे बसलेला असतो, वाटेतून फोन येतो, आम्ही व्हरांड्यात सलाइनच्या दोऱ्या बांधून तयार. वीस जणांना उलट्या झाल्या की गाडी मिळते, एकट्याच्या छातीत दुखलं तर उजाडावं लागतं.

आषाढीत पालख्या जातात तेव्हाचा पंधरवडा सोडूनच देतो. तेव्हा आम्ही फोड, जुलाब आणि थकलेली म्हातारी माणसं यांच्यापलीकडे काही बघत नाही, आणि त्यासाठी वेगळं मनुष्यबळ येतं. विषबाधेबद्दलही थोडंच सांगतो. घरातलं भांडण आणि घरात ठेवलेलं फवारणीचं औषध यांच्यात अंतर हवं. काही जहाल कीटकनाशकांवर २०२०च्या अखेरीस बंदी आली. उरलेली कुलपात ठेवा, जमलं तर शेताच्या खोलीत. अशा रुग्णाला आणताना मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नये, बाटली सोबत आणावी, आणि तो बरा झाल्यावर त्याच्याशी कुणीतरी बोलावं.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री भाजलेली मुलं येतात ती बहुतेक न उडालेल्या भुईनळ्यावर वाकलेली. हातावर टूथपेस्ट नाहीतर शाई. वीस मिनिटं नळाचं साधं पाणी सोडावं, एवढंच पुरे असतं. भाऊबीजेला दुचाकीवर चार माणसं. पण मला जास्त काळजी वाटते ती न आलेल्यांची. दिवाळीच्या चार दिवसांत छातीत दुखणारे, दम लागणारे कमी होतात आणि भाऊबीज संपल्यावर एकदम वाढतात. सणासुदीला दवाखाना नको, लेकी माहेरी आल्यात, म्हणून आजोबांनी चार रात्री उशी उंच करून काढलेल्या असतात.

आम्ही रजिस्टरमध्ये पेन्सिलने एक रेघ ओढून ‘कधीपासून’ असा रकाना केला. सिस्टरांचा पहिला प्रश्न, ‘‘सर, ऑडिटला चालंल का?’’ चालला. उत्तरं घड्याळात येत नाहीत. ‘दिवस मावळायच्या टायमाला’, ‘लाईट आली तवा’, ‘पहिली गाडी गेली आणि मग’. सिस्टर विजेच्या आणि एसटीच्या वेळा बघून ती तासांत बसवतात. या उत्तरांतूनच कळलं की कुठल्या गावात आशाताईंकडे आधी फोन जातो आणि कुठल्या गावात मांत्रिकाकडे. मग सभा कुठे घ्यायची ते ठरवता आलं.

आमच्या कामाचं वेळापत्रक मात्र वेगळ्याच कॅलेंडरवर चालतं. सरकारी बदल्या एप्रिल-मेमध्ये होतात, तसा कायदाच आहे. म्हणजे ज्याने दोन पावसाळे मण्यार पाहिली तो डॉक्टर मेअखेर जातो आणि ज्याने ती फक्त पुस्तकात पाहिली तो जूनमध्ये, पहिल्या पावसाबरोबर, हजर होतो. बदल्या दिवाळीनंतर करा, असं मी बैठकीत एकदा म्हणालो. मुलांच्या शाळांचं काय, असं उत्तर आलं, तेही खोटं नव्हतं. म्हणून आता नव्या डॉक्टरांचा पहिला आठवडा सिस्टरच घेतात. नळी कुठली वापरायची, पापण्या कशा बघायच्या, झोपला होता कुठे ते आधी विचारायचं. यंदा दोघं आले होते. एकाला सप्टेंबरपर्यंत चांगला हात बसला. दुसऱ्याला पीजीची जागा मिळाली, तो गेला.