गाडी विकायची की वापरायची?

कोणतीही मोठी वस्तू घेताना आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो, "उद्या विकली तर किती येतील?" कष्टकरी माणसाला तो विचारावाच लागतो. अडीनडीला सोने कामी येते, तशी गाडीही यावी, असे त्याला वाटते. विजेच्या मोटारीने या समजुतीला धक्का दिला आहे.

आमच्या घरी अशी मोटार २०२१ साली आली. किंमत १४ लाख. माझ्या निवृत्तीच्या पैशांतले ५ लाख, बाकी ७ वर्षांचे कर्ज. मुलगा कल्याणहून तळोज्याच्या कारखान्यात जातो. पाळीची नोकरी, जाऊन-येऊन ५० किलोमीटर. २०२५ मध्ये नातीच्या नर्सिंगच्या फीसाठी पैसे हवे होते, म्हणून त्याने गाडी जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याला दाखवली. त्याने ६ लाख सांगितले. सून काळजीने म्हणाली, "आई, तुमच्या फंडाचे पैसे पाण्यात गेले की काय?"

भाव पडण्याची कारणे आहेत. या गाडीत सर्वांत महाग वस्तू बॅटरी. तिची ताकद किती उरली, हे गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसत नाही. त्यात नव्या गाड्या स्वस्त होतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटांनी नेक्सॉन ईव्हीची किंमत १ लाख २० हजारांपर्यंत उतरवली. नवीच स्वस्त झाली, तर जुनीला भाव कोण देणार? अमेरिकेत हर्ट्झ या भाड्याने मोटारी देणाऱ्या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये सुमारे २० हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या. घसरलेल्या किमतींचा फटका एवढ्या मोठ्या कंपनीलाही बसला.

मग आम्ही वही-पेन्सिल घेऊन बसलो. बँकेचे साडेचार लाख बाकी. म्हणजे विकून हातात येणार दीड लाख, आणि मुलाला कामावर जायला दुसरी गाडी हवीच. उलट, पेट्रोलच्या गाडीला किलोमीटरमागे ७ रुपये लागले असते. सोसायटीत आमच्याच मीटरवर गाडी भरते, त्यामुळे आम्हाला २ रुपयांच्या आत पडते. महिन्याला ६ हजार वाचतात, वर्षाला ७०-७५ हजार. बॅटरीची हमी ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर. गाडी धावली होती ६० हजार.

हिशेब स्पष्ट होता. चौथ्या वर्षी विकली, तर नुकसान आपल्या पदरात. दहा वर्षे वापरली, तर रोजच्या बचतीतून ते भरून निघते. गाडी राहिली. नातीसाठी शैक्षणिक कर्ज काढले.

भगिनींनो, घरात अशा गाडीचा विषय निघाला, तर आधी विचारा : रात्री ती भरायला स्वतःची जागा आहे का? रोज धाव आहे का? आठ-दहा वर्षे ठेवणार का? तिन्ही उत्तरे 'होय' असतील, तरच कर्ज काढा. जुनी घेणार असाल, तर पडलेला भाव तुमच्या फायद्याचा. पण बॅटरीच्या तपासणीचा लेखी दाखला घ्या, आणि उरलेली हमी नव्या मालकाला मिळते का, हे कंपनीकडून लिहून घ्या. तोंडी शब्दावर घामाचा पैसा देऊ नका.