डबा बदलला तरी नाव राहू दे

प्रिय बापू,

तुला जळगावच्या एमआयडीसीत काम लागलं, तेही स्टोअरमध्ये, हे अक्कानं फोनवर सांगितलं आणि जीव सुखावला. आयटीआयला ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ हा ट्रेड तू हट्टानं घेतलास तेव्हा घरात कोणाला त्याचा नीट अर्थही कळला नव्हता. आता तुझ्या नजरेखालून रोज ड्रम, कॅन, गोण्या, सिलेंडर जाणार. मी नोकरीची सगळी वर्षं धुळे जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत नर्स म्हणून काढली. कारखान्यातलं तुला माझ्याहून जास्त समजतं. पण तुमच्यासारख्या स्टोअरमधून किंवा कृषी केंद्रातून निघालेली वस्तू चुकून माणसाच्या पोटात, डोळ्यांत, फुफ्फुसांत गेली की पुढे काय होतं, ते मी वॉर्डात पाहिलं आहे. म्हणून हे पत्र.

खरिपात कपाशीवर फवारणी सुरू झाली की आमच्याकडे विषबाधेचे पेशंट येऊ लागत. डॉक्टरांचा पहिला प्रश्न एकच: “काय गेलंय पोटात?” आणि उत्तर बहुतेक वेळा असंच: “पांढरं औषध होतं, साहेब. पाण्याच्या बाटलीत ठेवलेलं होतं.” एवढ्यावर डॉक्टर काय करणार? ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक असेल तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घाम फुटतो, तोंडाला फेस येतो. त्यावर ॲट्रोपीन चालतं, प्रॅलिडॉक्सिम देतात. पॅराक्वॅट हे तणनाशक असेल तर त्यावर उतारा नाही, आणि दम लागलेल्या माणसाला आपण सवयीनं जो ऑक्सिजन लावतो तोही गरज नसताना दिला तर फुफ्फुसांचं नुकसान वाढवतो. ॲसिड किंवा रॉकेल पोटात गेलं असेल तर उलटी काढायची नसते, आणि घरच्यांनी मिठाचं पाणी पाजून ती आधीच काढलेली असते. म्हणून आम्ही नातेवाइकांना पुन्हा घरी पिटाळायचो, मूळ डबा घेऊन या म्हणायचो. कोणी मोटारसायकलवर वीस-पंचवीस किलोमीटर जाऊन यायचा. डबा सापडला तर त्यावरचा कागद ओलाचिंब, फाटलेला. पुष्कळदा तो भंगारवाल्यानं नेलेलाच असायचा. तेवढ्या वेळात इकडे माणूस खालावत जायचा.

२०१७च्या पावसाळ्यात यवतमाळला काय झालं ते तुला आठवत असेल. फवारणी करता करता वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यांत पडले. तीही कपाशीच होती आणि आपल्याकडचं पीकही तेच. त्या वर्षापासून मी गावात कोणाच्याही घरी गेले की औषधाच्या डब्यावरचा चौकोन दाखवायला लागले. १९७१च्या कीटकनाशक नियमांनी तो ठरवून दिला आहे: टोकावर उभा केलेला चौकोन, वरच्या अर्ध्यात इशारा, खालच्या अर्ध्यात रंग. लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. लाल डब्यावर कवटी आणि हाडं असतात. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही हे चार रंग पाच मिनिटांत पाठ होतात, हे मी स्वतः करून पाहिलं आहे.

पण बापू, तो रंग डब्याला चिकटलेला असतो, औषधाला नाही. औषध दुसऱ्या बाटलीत गेलं की कवटी मागेच राहते. वॉर्डातल्या माझ्या सगळ्या वर्षांतून मला कळलेली गोष्ट एवढीच आहे. मूळ पॅकिंगमधल्या वस्तूनं घात झाल्याचं मी कमी पाहिलं. घात व्हायचा तो ओतल्यानंतर, “जरासं काढून दे” म्हणून कोणीतरी कोणाला दिल्यानंतर. आणि तुमच्या स्टोअरमध्ये तर दिवसभर हेच काम! दोनशे लिटरच्या ड्रममधून वीस लिटरच्या कॅनमध्ये, कॅनमधून मगमध्ये, मगमधून कुठल्या तरी बाटलीत. संडास-बाथरूम धुणाऱ्या मावश्या तुझ्याकडे ॲसिड मागायला येतील, हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, मागायला येतील, हातात थंड पेयाच्या रिकाम्या बाटल्या घेऊन. दोन्ही एका बादलीत पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. त्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं. तू सांग. आणि त्या बाटल्यांत काहीही देऊ नकोस, भले त्या रागावल्या तरी.

भोपाळमध्ये १९८४च्या डिसेंबरात वायुगळतीत हजारो लोक गेले, त्यानंतर देशात कायदे झाले. १९८९च्या घातक रसायनांच्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की प्रत्येक डब्यावर आत काय आहे, बनवणारा कोण, त्याचा पत्ता काय आणि त्या रसायनाचे गुणधर्म काय, हे दिसलं पाहिजे. प्रत्येक रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक, तुम्ही ज्याला एमएसडीएस म्हणता ते, असलं पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी २००३ साली जगभरासाठी नऊ चिन्हं ठरवून दिली, लाल कडेच्या चौकोनातली. त्यांतली ज्वाळा आणि वर्तुळावरची ज्वाळा ही दोन दिसायला जवळची आहेत, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे, हे तुला शिकवलं असेलच. पहिली वस्तू स्वतः पेटते, दुसरी शेजारच्याला पेटवते. म्हणून नायट्रिक ॲसिडचे कॅन आणि थिनरचे ड्रम एका भिंतीला लावायचे नाहीत, जागा कितीही अपुरी असली तरी. आणि ऑक्सिजनच्या सिलेंडरच्या व्हॉल्व्हला तेल-ग्रीसचा हात लागू द्यायचा नाही.

माहितीपत्रकांच्या फायली ऑफिसच्या कपाटात कुलुपात असतात असं ऐकते. त्या बहुतेक इंग्रजीत असतात. रात्रपाळीला कपाटाची किल्ली कोणाकडे असते? तू प्रत्येक रसायनाचं अर्ध्या पानाचं मराठी टिपण कर: काय आहे, अंगावर पडलं तर काय करायचं, डोळ्यांत गेलं तर काय, आग लागली तर पाणी मारायचं की नाही. आणि ते त्याच रॅकवर प्लास्टिकमध्ये घालून टांग. आपल्याकडे साक्री-शिरपूर भागातून येणाऱ्या आदिवासी पोरांना वाचता येत नसेल तर त्यांना उभं करून वाचून दाखव. डोळ्यांत ॲसिड किंवा कॉस्टिक गेलं तर पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवायचं, आधी धुवायचं आणि मग गाडीत घालायचं. दवाखान्यात पळवत आणलेली कोरडी, न धुतलेली बुबुळं मी इतकी पाहिली आहेत की हे वाक्य मला तुमच्या भिंतीवर हातभर अक्षरांत हवं आहे.

आता आपल्या उन्हाचं. लेबलवर छापलेलं असतं, ‘थंड व कोरड्या जागी ठेवा’. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नकोस. ज्या तापमानाला एखाद्या द्रवाची वाफ ठिणगीनं पेट घेण्याइतकी जमते त्याला तुम्ही फ्लॅश पॉइंट म्हणता. ॲसिटोनचा उणे वीस अंशांच्या आसपास, टोल्युइनचा चारेक अंश, झायलीनचा साधारण सत्तावीस. थंड प्रदेशातल्या गोदामात झायलीनचा ड्रम उघडला तर कदाचित काही होणार नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये तो दिवसभर पेटण्याच्या तयारीतच असतो. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरकत जाते, आणि ठिणगी दहा हात लांब असली तरी तिथवर पोचते. त्यात उन्हाळ्यातली हवा कोरडी ठणठणीत, त्यामुळे नुसतं ओतल्यानंसुद्धा स्थिर वीज साचते. म्हणून ओतताना दोन्ही भांडी तारेनं जोडून जमिनीला अर्थिंग दिलं पाहिजे. सकाळच्या गारव्यात ओतण्याची कामं उरकून घ्या असं तू सुपरवायझरांना सुचवून बघ. शेतकरी फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी करतो, तशी ही वेळ ठरवून घेता येईल. उकाड्यानं घामाघूम झालेला पोरगा हातमोजे काढून फेकतो, मास्क गळ्यात लटकवतो. त्याला नुसतं रागावून उपयोग नाही. पंखा, प्यायला पाणी आणि मध्ये विश्रांती मिळाली तरच तो मोजे घालील. सुती मोजे मात्र देऊ नका. ते रसायन शोषून हाताला लावून ठेवतात.

३१ ऑगस्ट २०१९ची सकाळ मला विसरता येत नाही. शिरपूरजवळ वाघाडीच्या शिवारात रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला. किमान तेरा माणसं गेली, कितीतरी होरपळली, आजूबाजूच्या गावांना घरं सोडायला सांगावं लागलं. मग एप्रिल २०२३ मध्ये साक्री तालुक्यात चिपलीपाड्याजवळ एका कारखान्यात आग लागली आणि चार बाया गेल्या. तिथं काय बनत होतं? केकवर लावतात ती फुलबाजीसारखी उडणारी मेणबत्ती. त्याच वर्षी ८ डिसेंबरला पिंपरी-चिंचवडमध्ये तळवड्याला अगदी तसल्याच मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली, आणि तिथंही बळी गेले ते मुख्यतः बायांचेच. वाढदिवसाची मेणबत्ती म्हटलं की कोणाला भीती वाटत नाही. पण तिच्यात शोभेच्या दारूचं मिश्रण असतं आणि ते भरणारे हात रोजंदारीचे असतात. त्या बायांपुढे ठेवलेल्या पावडरीला कोणी तिच्या खऱ्या नावानं हाक मारली असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

तू सुरत-नागपूर महामार्गानं ये-जा करतोस. नवापूरकडून येणारे गुजरातचे टँकर धुळ्यात मुंबई-आग्रा रस्ता ओलांडून जळगावकडे जातात. त्यांच्या पाठीवर चार आकडी क्रमांक रंगवलेला असतो: १२०३ पेट्रोल, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन, १८३० सल्फ्युरिक ॲसिड. टँकर उलटला तर जवळ धावून जायच्या आधी, लांबूनच तो क्रमांक वाचून अग्निशमन दलाला सांग. लोक बादल्या घेऊन धावतात तेव्हा त्यांना थांबवणारा एक तरी शहाणा माणूस तिथं हवा.

आणि ड्रमचं. अक्का म्हणत होती की तू कंपनीतून दोन निळे ड्रम स्वस्तात आणणार आहेस, पाणी भरायला. आपल्याकडे नळ रोज येत नाही, गल्लीत दारोदारी असे ड्रम उभे आहेत, मला ठाऊक आहे. पण त्या प्लास्टिकच्या भिंतीत रसायन मुरतं. चार वेळा साबणानं धुतलं तरी वास गेला म्हणजे ते गेलं असं नाही. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांनुसार रसायनानं माखलेला रिकामा ड्रम हाच घातक कचरा आहे. तो अधिकृत ठिकाणीच गेला पाहिजे, भंगारवाल्याकडे नाही, आपल्या ओट्यावर तर नाहीच. लोखंडी रिकामा ड्रम आणखी वाईट: भरलेल्या ड्रमपेक्षा त्यातली उरलेली वाफ लवकर भडकते आणि गॅस कटर लावणारा माणूस जागच्या जागी जातो. अक्काला मी पाण्याची नवी टाकी घेऊन देते, तसं तिला सांगितलंही आहे.

तुझ्या हक्काचंही लिहिते, कारण नव्या पोराला कोणी सांगत नाही. १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि घातक काम असलेल्या कारखान्यातल्या कामगाराला हक्क मिळाला: जिवाला तातडीचा धोका दिसला तर तो व्यवस्थापकाला सांगू शकतो आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवू शकतो. कामगार सुरक्षेच्या २०२०च्या नव्या संहितेतही तो हक्क आहे. आपल्या राज्यात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे. त्यांच्या कार्यालयाचा फोन नंबर शोधून लिहून ठेव.

त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद होती, आणि नर्स म्हणून तीच मला सगळ्यांत जवळची वाटते. घातक पदार्थ हाताळायला लावण्याआधी कामगाराची वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, काम चालू असताना बारा महिन्यांच्या आत पुन्हा, आणि ती नोंद कामगाराला पाहता आली पाहिजे. तुझी तपासणी झाली का? नुसता अंगठा घेऊन ‘फिट’ असा शिक्का मारला असेल तर मला ते चालणार नाही. रक्ताचा, फुफ्फुसांचा, डोळ्यांचा रिपोर्ट मागून घे, त्याची झेरॉक्स काढ, आणि दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये. मी चष्मा लावून एकेक आकडा वाचणार आहे.

तुझी,
मावशी