चिठ्ठीतले इंग्रजी

गेल्या पावसाळ्यात, संध्याकाळची मिस्सा आटोपून आम्ही बाहेर येत असताना धर्मग्रामातील एक मुलगी हातात वह्या घेऊन उभी होती. मूळची सातारकडची, मराठी माध्यमात शिकलेली, सांगलीस राहून दंतवैद्यकाची पदवी मिळवलेली. लग्नानंतर नवऱ्यामागे ऑस्ट्रेलियास जायचे होते. तिथे दंतवैद्य म्हणून काम करायचे तर इंग्रजीची परीक्षा, शिवाय लेखी व प्रात्यक्षिक. पहिल्याच उंबरठ्यावर ती दोनदा अडखळली होती.

"फादर, तुम्ही सेमिनरीत सगळं इंग्रजीतून शिकलात. मला महिनाभर शिकवाल का?"

आम्ही लागलीच होकार दिला. आपणांस इंग्रजी येते असे कुणी म्हटले की आम्हांस अजूनही सुखावल्यासारखे होते, हा आमचा जुना दोष आहे.

ऑक्युपेशनल इंग्लिश टेस्ट असे त्या परीक्षेचे नाव. वैद्यकाशी निगडित बारा व्यवसायांसाठी ती घेतली जाते, दंतवैद्यक हा त्यांतलाच एक. ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे तिचे चार भाग. लिहिण्याच्या भागात पंचेचाळीस मिनिटांत एक पत्र लिहायचे, बहुधा रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरांकडे धाडण्याची चिठ्ठी. बोलण्याच्या भागात परीक्षेचा माणूस रुग्ण होतो, आणि पाचेक मिनिटांचे दोन प्रसंग वठवावे लागतात.

आम्हांस वाटले, व्याकरण कच्चे असेल. तसे मुळीच नव्हते. प्रवेश परीक्षा मराठीतून देता येत असली, तरी पुढचे सारे शिक्षण इंग्रजीतूनच. त्यामुळे 'मँडिब्युलर थर्ड मोलर' हे शब्द ती न अडखळता उच्चारी. परंतु रुग्ण कधी असे बोलतो का? तो 'विझ्डम टूथ' म्हणणार. आपण अक्कलदाढ म्हणतो, आणि लॅटिनमध्येही तिला 'देन्स सापिएन्तिए' असेच म्हणत. अकलेच्या बाबतीत रोम आणि सातारा यांचे एवढे तरी एकमत आहे!

खरी पंचाईत दुखण्याच्या शब्दांची. आपला दात ठणकतो, सळसळतो, शिवशिवतो, हिरडी ठसठसते, मध्येच कळ येते. ठणक्याला 'थ्रॉबिंग' मिळाला. दात आंबणे मात्र कुठेच बसेना. तासगावची कच्ची द्राक्षे खाल्ल्यावर जे होते ते इंग्रजीत कसे सांगावे? आम्हांस यिर्मया आणि यहेज्केल यांच्या ग्रंथांतली आंबट द्राक्षांची म्हण आठवली. इंग्रजी बायबलात तिथे दात 'ऑन एज' होतात. आम्ही मोठ्या ऐटीत तसे सांगितले. ती हसून म्हणाली, "फादर, तिथले पेशंट नुसतं 'सेन्सिटिव्ह' म्हणतात." मिरजेत १८९४ साली रुग्णालय उभारणारे डॉ. विल्यम वानलेस जन्माने कॅनडाचे. इथल्या माणसाचे दुखणे समजून घेण्यास त्यांना मराठीकडे यावे लागले. आमच्या या मुलीची वाट उलट्या दिशेने होती.

तिसऱ्या आठवड्यात तिने सरावाची चिठ्ठी दाखवली. पन्नाशीची स्त्री, गालाच्या आतल्या बाजूस पांढरा चट्टा, तंबाखूची सवय. शेवटच्या ओळीत लिहिले होते : 'बायॉप्सी टु रूल आउट मॅलिग्नन्सी'. आम्ही कागद खाली ठेवला आणि त्या दिवशीचा पाठ तिथेच थांबवला.

वाचकहो, हे शब्द आम्ही १९९३ च्या मे महिन्यात वाचले होते. आमच्या आईस मिसरीची सवय होती. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना लावायची. सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत तेव्हा यात कुणाला काही वावगे वाटत नसे. तिच्या तोंडात चट्टा आला. तालुक्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. आम्ही सेमिनरीतून सुट्टीवर आलो होतो. घरात इंग्रजी जाणणारे आम्ही एकटे. वडील, थोरले बंधू, वहिनी, सारे आमच्या तोंडाकडे पाहत होते.

'ल्युकोप्लेकिया' हा शब्द पाहून आम्ही हरखलोच. ग्रीकमध्ये 'लेवकोस' म्हणजे शुभ्र; प्रभूच्या रूपांतराच्या प्रसंगी मत्तयने त्याच्या वस्त्रांना हाच शब्द योजला आहे. पुढे 'रूल आउट'. तर्कशास्त्राच्या तासाला आम्ही रोज काही ना काही 'रूल आउट' करीत असू, म्हणजे बाद ठरवीत असू. आम्ही अर्थ लावला : तपासणी झाली, कर्करोग बाद. 'कर्करोग आहे की नाही हे तुकडा काढून तपासा' असे ते सांगणे होते. शंका आली नाही असे नाही. डॉक्टर दोन कोसांवर बसत होते, पण त्यांना अर्थ विचारायला जाणे आम्हांस कमीपणाचे वाटले.

"काही नाही, आई. कॅन्सर नाही असंच लिहिलंय."

दिवाळीपर्यंत चट्ट्याची जखम झाली. दुसऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचून विचारले, "सहा महिने ही कुठे होती?" आम्ही तोंड उघडण्याआधीच आई म्हणाली, "हरवली होती. काल सापडली." असा प्रत्येक चट्टा कर्करोगावर जात नाही, हे आता आम्हांस ठाऊक आहे. आईचा गेला. १९९५ साली ती गेली. ती खोटे का बोलली, हे तिने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही रुग्ण झालो. तोंडात चट्टा असलेली खेड्यातली बाई. मुलगी इंग्रजीत म्हणाली, मॅलिग्नन्सी रूल आउट करावी लागेल. आम्ही तिला थांबवले.

"हे आम्हांस कळले नाही."

"फादर, तुम्हांला?"

"होय, आम्हांस."

ती थोडा वेळ विचार करीत बसली. मग साध्या इंग्रजीत म्हणाली, की हा चट्टा निरुपद्रवी असेल किंवा नसेल, मला अजून सांगता येत नाही. लहानसा तुकडा काढून तपासू, मगच कळेल. आणि कृपा करून हे पुढे ढकलू नका. शेवटचे वाक्य तिने आपल्या मनाने जोडले होते. रुग्णाचे पुढचे वाक्य आम्हांस बोलता आले नाही. मग तिला सारे सांगितले. थोरल्या बंधूंनाही आम्ही ते कधी सांगितलेले नाही.

तिसऱ्या खेपेस ती उत्तीर्ण झाली. निघण्यापूर्वीच्या रविवारी मिस्सेनंतर तिने धर्मग्रामाच्या सभागृहात बॅटरी घेऊन अकरा बायकांची तोंडे तपासली आणि दोघींना सांगलीस जाण्यासाठी चिठ्ठ्या दिल्या. त्यांतली एक आपली चिठ्ठी वाचून घेण्यासाठी आमच्याकडे आली. आम्ही चष्मा लावला. वर इंग्रजी मजकूर होता, त्यात 'रूल आउट'ही होते. खाली ठळक अक्षरांत मराठी.

"खालचं मी वाचलंय, फादर," ती म्हणाली. "उद्या सकाळच्या एसटीनं जातेच. वर काही वेगळं लिहिलंय का, तेवढं बघा."