मडक्यातलं बिऱ्हाड

मुलांनो, एखाद्या प्राण्याला घर बनवून देण्याचा खटाटोप तुमच्यापैकी किती जणांनी केलाय? बुटांच्या खोक्यात मांजराचं पिल्लू, बरणीत मासा, काडेपेटीत भुंगा... हात वर करा पाहू! मी एकदा सापाला घर बनवलं होतं. हो, चक्क सापाला! ती गोष्ट काही अभिमानाची नाही. पण ती सांगितल्याशिवाय आजची आपली सफर सुरूच होणार नाही.

तेव्हा मी सातवीत होतो. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठी. पहिला पाऊस झाला की परसात नानेट्या दिसू लागायच्या. नानेटी म्हणजे दीड-दोन फुटांचा बिनविषारी साप. पाठीवर दोन पिवळसर पट्टे आणि स्वभावाने अगदी गरीब. मी आणि माझ्या चुलतभावाने एक नानेटी धरली. (तुम्ही असलं काही करायचं नाही बरं का! का, ते पुढे येईलच.) वाण्याकडून चहाचं लाकडी खोकं मागून आणलं. त्याची एक बाजू काढून तिथे जुन्या तसबिरीची काच बसवली. वर पत्र्याचं झाकण, त्याला खिळ्याने पाडलेली भोकं. आत हिरवंगार गवत आणि दुधाने भरलेली वाटी. झालं सापाचं घर तयार! पावसाने उघडीप दिली होती. काचेवर छान ऊन पडावं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला साप झकास दिसावा, म्हणून खोकं मुद्दाम ओटीच्या कडेला ठेवलं.

नानेटी दिवसभर काचेवर तोंड घासत फिरायची. आम्हाला वाटायचं, ती आमच्याकडेच बघतेय! दुधाला तिने तोंड लावलं नाही. ते नासून गेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी शाळेतून आलो, तर ती गवतावर उताणी पडलेली. झाकणाला हात लावला तर चटका बसला.

आजोबांनी परसात खड्डा खणून तिला पुरलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळ, घर छान केलंस. पण ते बघणाऱ्यांसाठी केलंस. राहणाऱ्याला काय हवं, ते विचारलंच नाहीस."

ते वाक्य माझ्या मनात जे रुतून बसलं, ते आजपर्यंत.

मध्यंतरी माझी भाची एक इंग्रजी पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. ती नववीत आहे. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पुष्कळ मुलं 'कॉर्न स्नेक' नावाचा बिनविषारी साप पाळतात. हे साप पिढ्यान्‌पिढ्या माणसांकडेच जन्मलेले असतात. त्यांच्यासाठी घरच्या घरी पेटी कशी बनवायची, हे त्या पुस्तकात चित्रांसह दिलं होतं. मी वाचत गेलो आणि माझ्या खोक्यातली एकेक चूक मला दिसत गेली.

पहिली गोष्ट म्हणजे ऊब. आपल्या शरीराची शेगडी आतून चालू असते, सापाची नसते. त्याचं अंग भोवतालच्या हवेप्रमाणे गरम किंवा गार होतं. म्हणून पेटीचं एक टोक सुमारे ३० अंश सेल्सिअस उबदार ठेवायचं आणि दुसरं टोक गार. साप गरजेप्रमाणे इकडून तिकडे सरकतो. माझ्या खोक्यात सरकायला जागाच नव्हती, सगळीकडे ऊनच ऊन! दुसरी गोष्ट, लपायला जागा. तिसरी, प्यायला पाणी. हो, पाणीच. साप दूध पिणारा प्राणी नाही. आणि चौथी गोष्ट म्हणजे पक्कं झाकण, कारण जिथून सापाचं डोकं जातं, तिथून बहुतेक वेळा अख्खा सापही निघून जातो.

"मामा, आपण बनवू या ना अशी पेटी?" भाचीने विचारलं.

"आणि त्यात ठेवणार काय? आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. रानातला साप पकडून घरी ठेवणं हा गुन्हा आहे."

ती हिरमुसली. मग म्हणाली, "पण सापाचं चांगलं घर कसं असतं, ते निदान बघायला तरी मिळेल का?"

मला नाताळच्या सुट्टीत कामासाठी चेन्नईला जायचंच होतं. म्हटलं, "चल माझ्याबरोबर."

चेन्नईहून महाबलीपुरमला जाणारा रस्ता समुद्राच्या कडेकडेने जातो. बसमध्ये डाव्या बाजूची खिडकी पकडा, म्हणजे सुरूच्या बनांतून बंगालचा उपसागर अधूनमधून डोकावत राहतो. सुमारे ४० किलोमीटरवर वडनेम्मेली नावाचं गाव लागतं. तिथे मद्रास क्रोकोडाइल बँक आहे. घाबरू नका, या बँकेत पैसे नसतात, मगरी असतात! आपल्या देशातल्या मगरी नष्ट होऊ नयेत म्हणून रोम्युलस आणि झाई व्हिटेकर यांनी १९७६ साली ती सुरू केली. आ वासून निवांत पडलेल्या मगरी बघत आम्ही पुढे गेलो. आम्हाला जायचं होतं त्याच आवारातल्या सर्पविष केंद्रात.

हे केंद्र इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेचं आहे. इरुळा ही तामिळनाडूतली एक आदिवासी जमात. साप शोधावा तर त्यांनीच! वाळूतली पुसटशी रेघ, बिळाच्या तोंडाशी पडलेली कात, यांवरून आत कोणता साप आहे, ते ही माणसं सांगतात. एके काळी ते सापांच्या कातडीसाठी साप धरत. १९७२च्या कायद्यानंतर काही वर्षांतच कातडीचा धंदा बंद झाला. साप वाचले, पण या लोकांची चूल विझायची वेळ आली. मग १९७८ साली व्हिटेकर यांच्या मदतीने ही संस्था उभी राहिली. त्यांनी साप मारायचा नाही, तर धरायचा, त्याचं विष काढायचं आणि त्याला पुन्हा रानात सोडायचं.

आत गेलो. बुटक्या कठड्यापलीकडे वाळू पसरलेली जागा, वर छप्पर, आणि त्या वाळूवर ओळीने मांडलेली मडकी! थेट आपल्या कुंभारवाड्याची आठवण व्हावी. प्रत्येक मडक्याच्या तोंडावर सुती कापड ताणून दोरीने घट्ट बांधलेलं.

"मामा, यात काय लोणचं घातलंय?" भाची हळूच म्हणाली.

आमच्यासोबत इंग्रजी जाणणारा एक तरुण होता. तो हसला. म्हणाला, "पाम्बु." तमिळमध्ये पाम्बु म्हणजे साप. एकेका मडक्यात नाग, मण्यार, घोणस नाहीतर फुरसं. आपल्या देशात माणसं दगावतात ती बहुतेक या चौघांच्या दंशाने.

"पण याला काच कुठेय? साप दिसणार कसा?"

त्या तरुणाने तो प्रश्न तिथल्या एका वयस्कर इरुळा गृहस्थांना विचारला. त्यांना सगळे 'अण्णा' म्हणत होते. अण्णांनी एका वाक्यात उत्तर दिलं. त्याचा अर्थ असा, "सापाने दिसायचं कशाला? त्याने आत शांत बसायचं."

मला एकदम माझे आजोबा आठवले.

विचार करून बघा. सापाला पापण्या नसतात, त्यामुळे त्याला डोळे मिटताच येत नाहीत. सतत उजेड आणि समोर हलणारी माणसं असली, तर त्याने विसावा घ्यायचा कसा? मडक्यात अंधार असतो. तोच सापाची पापणी होतो. तळाला वाळू असते. कापडातून हवा जाते. माती पत्र्यासारखी चटकन तापत नाही. भाचीने आणखी एक गोष्ट हेरली. "मामा, मडक्याला कोपराच नसतो. मग तोंड घासणार कुठे?" मला माझ्या नानेटीचं काचेवर घासलेलं तोंड आठवलं आणि मी गप्प बसलो.

आता मडक्यातला नाग आनंदात असतो, असं मी मुळीच म्हणणार नाही. कैद ती कैदच. म्हणून तर तिची मुदत ठरलेली आहे. वनखात्याच्या परवानगीने ठरलेल्या संख्येएवढेच साप धरायचे. एक साप साधारण तीन-चार आठवडे ठेवायचा आणि आठवड्यातून एकदा त्याचं विष काढायचं. मग पोटाच्या खवल्यांवर एक छोटीशी खूण करून त्याला रानात सोडायचं. लवकरच तोच साप पुन्हा हाती लागला, तर खूण बघून त्याला तिथेच सोडून देतात.

अण्णांनी एका मडक्याचं कापड सोडलं. आकड्याच्या काठीने अलगद नाग बाहेर काढला. फणा उभारून तो फुस्स करून फुत्कारला. कठड्यावरची माणसं दोन पावलं मागे सरली. अण्णा मात्र घाईत नव्हते. त्यांनी नागाचं डोकं धरलं आणि पातळ पडदा ताणून बसवलेल्या काचेच्या भांड्याला त्याचं तोंड लावलं. नागाने पडद्याला दंश केला आणि काचेवरून पिवळसर थेंब ओघळले. एवढंच! नाग परत मडक्यात गेला, कापड बांधलं गेलं.

या थेंबांचं पुढे काय होतं? ते गोठवून, सुकवून त्यांची पूड करतात आणि औषध बनवणाऱ्यांना देतात. ते घोड्याला अगदी थोडं थोडं विष टोचतात. घोड्याचं रक्त त्या विषाशी लढायला शिकतं. त्या रक्तापासून सर्पदंशावरचं प्रतिविष तयार होतं. मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथे कित्येक दशकं असं प्रतिविष बनत आलं आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं मरतात. त्यात शेतात राबणारे आईबाप असतात, अंगणात खेळणारी मुलं असतात. दवाखान्यात वेळेवर टोचलेल्या औषधाचा प्रवास बऱ्याचदा या मडक्यांपासून सुरू झालेला असतो.

या कामाची कदर उशिरा का होईना, झाली. २०२३ साली वडिवेल गोपाल आणि मासी सडय्यन या दोन इरुळा सर्पतज्ज्ञांना पद्मश्री मिळाली. त्याआधी २०१७ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या दलदलीतले अजगर शोधायला या दोघांनाच बोलावलं होतं. एवढी यंत्रं असलेल्या देशाला इरुळांच्या नजरेची गरज पडली!

भाचीच्या मनात मात्र वेगळंच घोळत होतं. "मामा, बत्तीस शिराळ्यातही नागपंचमीआधी नाग धरून मडक्यातच ठेवायचे ना? मग न्यायालयाने ते का थांबवलं? मडकं तर तेच!"

प्रश्न अगदी रास्त होता. शिराळ्याचे लोक नागाला मारत नव्हते, उलट जीव लावत होते. पण तिथे नाग मडक्यातून निघायचा तो ढोल-ताशांच्या गजरात, हजारो डोळ्यांपुढे मिरवायला. मी म्हटलं, "मडकं तेच गं, पण नाग कशासाठी ठेवला आणि त्याला काय सोसावं लागलं, हे बघायला नको? माझं खोकंसुद्धा मी प्रेमानेच बनवलं होतं की!"

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने बोट दाखवलं. एका कडेला एक मडकं उपडं घातलेलं होतं, धुऊन स्वच्छ केलेलं, उन्हात वाळत पडलेलं. तिने खुणेनेच अण्णांना विचारलं, हे रिकामं का? अण्णांनी हात लांब, रानाच्या दिशेने केला आणि पहिल्यांदाच हसले.

"गेला वाटतं आपल्या घरी," भाची म्हणाली. परतीच्या बसमध्ये तिने पेटीचा विषय काढला नाही. वहीत मात्र त्या उपड्या मडक्याचं चित्र काढलं.

मुलांनो, तुम्हाला चेन्नईला जायला जमलं नाही तरी पुण्याजवळ कात्रजला जाता येईल. तिथे १९८६ साली सुरू झालेलं सर्पोद्यान आहे. गेलात की काचेवर टकटक करू नका. आधी चार गोष्टी शोधा. सापाला लपायला जागा कुठे आहे? ऊब कुठे आणि गारवा कुठे? पाणी कुठे आहे? आणि आपल्या नजरेआड जायचं ठरवलं, तर त्याला जाता येईल का? साप दिसला नाही तर हिरमुसू नका. तो आपल्या जागी सुखाने बसलाय, असं समजा.

आणि घरात किंवा अंगणात साप निघालाच, तर त्याला मारू नका आणि धरूही नका. लांब उभे राहा, मोठ्यांना हाक मारा, सर्पमित्राला किंवा वनखात्याला बोलवा. दुर्दैवाने कोणाला दंश झालाच, तर मांत्रिक नको, जखम कापणं नको. त्या माणसाला धीर द्या, फार हालचाल करू देऊ नका आणि तडक दवाखान्यात न्या.

परवा गावी गेलो होतो. पाऊस नुकताच पडून गेला होता. परसातल्या दगडांच्या ढिगाशी एक नानेटी दिसली. मी लांबच उभा राहिलो. तिने जीभ लवलवली आणि दगडांच्या फटीत दिसेनाशी झाली. आत अंधार होता, गारवा होता, पलीकडे डबक्यात बेडकं ओरडत होती. मी चहाच्या खोक्यातून जे बनवू बघत होतो, ते तिच्यापाशी आधीपासूनच होतं.