गोळी वाऱ्याला किती दाद देते

आडव्या वाऱ्यात गोळी सरकू नये म्हणून जास्त वेगाचे काडतूस घ्यावे, हा सल्ला शिकारीच्या काळापासून चालत आला आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीची रायफल खाली ठेवायला लावली, पण सल्ला रेंजवर टिकून राहिला. पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर, म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात एअर रायफलकडून .22 रायफलकडे वळणाऱ्या नेमबाजाला तो हमखास मिळतो. तेजस्विनी सावंत यांनी 2010 मध्ये म्युनिकला जागतिक अजिंक्यपद जिंकले आणि स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवले, ते .22 रायफलच्या 50 मीटरच्या अंतरावर. आणि नेमका या अंतरावर हा सल्ला उलटा पडतो.

कारण गोळी किती वेळ हवेत राहिली, यावर तिचे सरकणे ठरत नाही. हवेचा अडथळा नसता तर ती जेवढ्या वेळात पोहोचली असती, त्याहून तिला किती उशीर झाला यावर ते ठरते. हा उशीर गुणिले आडव्या वाऱ्याचा वेग म्हणजे सरकण्याचे अंतर, हा दिदियाँ या फ्रेंच तोफखाना अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा एकोणिसाव्या शतकातला नियम आजही लागू आहे. स्पर्धेचे .22 काडतूस गोळीला सेकंदाला साधारण 325 मीटर वेग देते, म्हणजे ध्वनीपेक्षा कमी. 50 मीटरपर्यंत तिला सुमारे 5 सहस्रांश सेकंद उशीर होतो. सेकंदाला 1 मीटरच्या आडव्या वाऱ्यात ती 5 मिलीमीटर सरकते. तेवढ्याच वजनाची 380 मीटर वेगाची गोळी ध्वनीच्या वेगाच्या आसपासच्या पट्ट्यातून जाते. तिथे हवेचा अडथळा एकदम वाढतो, उशीर 8 ते 9 सहस्रांशांवर जातो आणि ती 8 ते 9 मिलीमीटर सरकते. टार्गेटवर दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलीमीटर आणि पुढची वर्तुळे 8 मिलीमीटर अंतरावर असताना हा फरक जिंकणे-हरणे ठरवणारा आहे.

यावर कोणी म्हणेल की मोठ्या रायफलींत वेगवान गोळीच सरस ठरते. खरे आहे, पण तिथेही निर्णायक असतो तो वेग टिकवण्याचा गुण. 7.62 मिलीमीटरची 147 ग्रेनची गोळी सुमारे 840 मीटर वेगाने सुटते, लांब निमुळती 175 ग्रेनची गोळी सुमारे 790 ने; तरी 300 मीटरवर कमी सरकते ती दुसरीच. म्हणजे शिकारीच्या मध्यम अंतरांवरही सुटतानाच्या वेगापेक्षा गोळीचा आकार आणि वजन आधी पाहायला हवे. मग .22 ची गोळी आणखी मंद का करू नये? कारण ध्वनीच्या वेगाखाली एकदा आल्यावर त्यातून फारसा फायदा उरत नाही, उलट गोळी जास्त खाली पडते आणि वेगातल्या लहानशा फरकानेही वर-खाली विखुरते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वारा वाचणे हे नेमबाजाचे काम, काडतूस त्याची जागा घेऊ शकत नाही. झेंड्या पाहणे, झुळूक सरण्याची वाट पाहणे, साइटचे क्लिक देणे याला पर्याय नाहीच. पण प्रत्येक अंदाजात चूक राहते आणि त्या चुकीची किंमत काडतूस ठरवते. सेकंदाला 1 मीटरची तीच चूक एका गोळीत 5 मिलीमीटरला पडते, दुसरीत जवळपास 9 ला. स्पर्धेच्या नामांकित काडतुसांची गोळी मात्र जवळजवळ सारख्याच आकाराची, सुमारे 2.6 ग्रॅमची असते. त्यामुळे ध्वनीखालचे काडतूस एकदा ठरले की उरते ती लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या काडतुसांच्या गटाची, निवड. रायफल शिकंज्यात पकडून एकेका लॉटचे ग्रुप, म्हणजे टार्गेटवर उमटलेले गोळ्यांचे पुंजके, मोजावेत आणि आपल्या नळीतून सर्वात कमी विखुरणारा लॉट घ्यावा. ग्रुप घट्ट असेल तरच गोळी वाऱ्याने गेली की काडतुसाने, हे नेमबाजाला कळते.

चाकण-भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यातला कुठलाही टूलरूमवाला हेच सांगेल की सरासरी माप जुळले तरी सुट्या भागांतला फरक आवरला नाही तर जोडणी बसत नाही. ही मोजमापाची शिस्त या पट्ट्याच्या हाडीमाशी भिनलेली आहे. एली आणि लापुआ या कंपन्यांनी परदेशात लॉट तपासण्याची केंद्रे उघडली आहेत. तशी सोय बालेवाडीच्या आसपास उभी करायला लागणारा शिकंजा, मोजणी आणि माणसे इथे आहेत. काडतुसांवर कुटुंबे मोठा खर्च करतात. तो खोक्यावर छापलेल्या वेगाच्या भरवशावर न होता मोजलेल्या ग्रुपच्या आधारावर व्हावा, एवढी सोय नेमबाजी संघटनांनी आणि इथल्या उद्योजकांनी मिळून करायला हवी.