लखनौचे के. डी. आणि आपले के. डी.

लखनौला गेलात की बडा इमामबाडा, चिकनकारीचे कुर्ते आणि टुंडे कबाब होणारच. पण विमानतळावरून मेट्रोने शहरात येताना हजरतगंजच्या पुढच्या स्टेशनचं नाव जरा लक्ष देऊन ऐका. के. डी. सिंग बाबू स्टेडियम! गोमती नदीजवळच्या या मैदानाचं नाव रोज कितीतरी प्रवाशांच्या कानावर पडतं. पण हे बाबू होते तरी कोण?

कुंवर दिग्विजय सिंग, शेजारच्या बाराबंकीचे हॉकीपटू. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते उपकर्णधार होते. १९५२ मध्ये हेलसिंकीला ते कर्णधार झाले आणि पुन्हा सुवर्ण आलं. १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

तरीही हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, फार तर बलबीर सिंग. याचं एक कारण गोलांच्या हिशेबात असावं. हेलसिंकीच्या अंतिम सामन्यात भारताने नेदरलँड्सला ६-१ असं हरवलं आणि त्यातले ५ गोल एकट्या बलबीर यांचे होते. बाबूंची ख्याती मात्र चेंडू खेळवत नेण्याची आणि सहकाऱ्याला अचूक पास देण्याची. गोल मोजले जातात, पास कोण मोजतं?

अर्थात नुसते आकडेही पुरत नाहीत. जपानी फुटबॉलमध्ये कुनिशिगे कामामोतो यांनी देशासाठी ७५ गोल केले, काझुयोशी मिउराने ५५. पण १९९३ मध्ये जपानची व्यावसायिक लीग सुरू झाली, सामने घराघरांत दिसू लागले आणि 'किंग काझू' म्हणून डोक्यावर घेतला गेला तो मिउरा! प्रसिद्धीला खेळाइतकीच वेळही लागते.

आपल्या घरचं उदाहरण तर याच हेलसिंकीतलं आहे. तिथे आणखी एक के. डी. होते : कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव. कुस्तीत कांस्य जिंकून त्यांनी स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिलं. पण त्यांच्या हयातीत ना पद्म पुरस्कार मिळाला, ना अर्जुन. अर्जुन पुरस्कार आला तो मरणोत्तर. आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.

बाबू स्टेडियमशी क्रिकेटप्रेमींचंही नातं आहे. जानेवारी १९९४ मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या कसोटीत सचिनने इथेच १४२ धावा केल्या आणि कुंबळेने ११ बळी घेतले. तेव्हा लखनौत असाल तर या स्टेशनवर जरूर उतरा आणि मुलांना विचारा, "ऑलिंपिक पदक जिंकणारे के. डी. कोण?" कुणी बाराबंकीचं नाव घेईल, कुणी गोळेश्वरचं. दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण द्या!