जुन्या बोलेरोचे ब्रेक आणि पाटे

जुन्या बोलेरोला नवा पार्ट बसवायला फारसा वेळ लागत नाही. वेळ खातो तो जुना पार्ट. कोकणातल्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचे यू-बोल्ट आणि शॅकलचे नट गंजून घट्ट धरलेले असतात. त्यांवर आदल्या संध्याकाळीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. घाईने पाना फिरवला की बोल्टची धार जाते, नाहीतर बोल्टच तुटतो. गाडी नुसत्या जॅकवर उभी करून खाली शिरण्याची गॅरेजांतली सवय मात्र अक्षम्य आहे. चासीखाली स्टँड हवेतच.

मागचे पाटे उतरवले की यू-बोल्ट नवे घालावेत, कारण जुने ताणले गेलेले असतात. खरी चूक होते ती रबरी बुश बसवताना. चाके अधांतरी असतानाच बोल्ट आवळला, तर गाडी खाली येताच बुशला पीळ बसतो आणि नवे रबर लवकरच फाटते. बोल्ट आधी हलके लावावेत, गाडीचा भार चाकांवर येऊ द्यावा आणि मगच पूर्ण आवळावेत. शॉक अॅब्सॉर्बर जोडीनेच बदलावेत.

पुढचे पॅड बदलताना कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नये, तारेने बांधावा. नवी डिस्क बसवण्याआधी हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढावा. तिथे राहिलेल्या बारीकशा पापुद्र्यानेही डिस्क वाकडी फिरते, आणि घाट उतरताना पेडल पायाखाली थरथरते. दोष मग उगाच डिस्कच्या माथी येतो. मागचा ड्रम निघत नसेल तर हातोडा उचलण्याआधी अॅडजस्टर ढिला करावा. एका वेळी एकाच बाजूचे शू उघडावेत. स्प्रिंगा कशा लागतात ते दुसऱ्या बाजूला बघून कळते. लायनरची धूळ हवेने उडवू नये, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. कोरडे डॉट-३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. म्हणून अर्धवट उरलेला जुना डबा वापरू नये. एअर काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबावे आणि शंभरेक किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा तपासावेत.